शिरीषकुमारच्या वारसांना कवायत नको, मैदान द्या

जून २०२५ मध्ये राज्याचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी एक घोषणा केली. महाराष्ट्रातील शाळांतून इयत्ता पहिलीपासून विद्यार्थ्यांना प्राथमिक स्वरूपाचे लष्करी शिक्षण द्यावयाचे आणि त्यासाठी सुमारे अडीच लाख माजी सैनिकांचे साहाय्य घ्यावयाचे, अशी ती घोषणा. देशप्रेम, व्यायामाची आवड आणि शिस्त ही तिची तीन उद्दिष्टे सांगण्यात आली. एप्रिलमध्ये पहलगामला सव्वीस निरपराध माणसे मारली गेली होती, मे महिन्यात सीमेवर तोफा धडाडल्या होत्या. लोकांची मने तापलेली असताना अशा घोषणेला टाळ्या मिळणे स्वाभाविकच होते. घोषणेचे कागदावर काय होते आणि शाळेत काय उतरते, हा पुढचा प्रश्न. परंतु सहा वर्षांच्या मुलाकडे भावी सैनिक म्हणून पाहणारा जो विचार तिच्यामागे उभा आहे, तो घोषणेपेक्षा जुना आहे आणि घोषणा विरून गेली तरी टिकणारा आहे. म्हणून त्याचा हिशेब घेणे अगत्याचे ठरते. खानदेशाला तर हा हिशेब मागण्याचा विशेष अधिकार आहे.

तो अधिकार नंदुरबारच्या रस्त्यावर मिळालेला आहे. ९ सप्टेंबर १९४२ या दिवशी, 'चले जाव'ची हाक दिली गेली त्याला एक महिना होत असताना, नंदुरबारात विद्यार्थ्यांनी मिरवणूक काढली. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. पुढे १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्याचाच भाग राहिले. दुसरे महायुद्ध ऐन भरात होते. हिंदुस्थानला न विचारता त्याला युद्धात ओढणारे सरकार देशातील प्रत्येक निषेधाकडे शत्रूला केलेली मदत म्हणून पाहत होते. त्या सरकारच्या पोलिसांनी शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही पाच मुले त्यात गेली. शिरीषकुमारचे वय पुरते सोळाही नव्हते. त्याच्या हाती तिरंगा होता.

दर वर्षी ९ सप्टेंबरला खानदेशातील शाळांतून या मुलांचे स्मरण होते. प्रतिमेला हार घातला जातो, प्रभातफेरी निघते, पाहुण्यांचे भाषण होते. या भाषणांत अलीकडे एक शब्द हमखास ऐकू येतो : शिस्त. ही मुले देशासाठी मेली, तेव्हा तुम्हीही शिस्त शिका, रांगेत चाला, आज्ञा पाळा. यासारखा विपर्यास दुसरा नसेल. नंदुरबारची ती पाच मुले आज्ञाधारक नव्हती. ती आज्ञा मोडण्यासाठी बाहेर पडली होती. बंदुका घेतलेली, गणवेश घातलेली, हुकुमाबरोबर नेम धरणारी शिस्तबद्ध माणसे त्या दिवशी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. शिरीषकुमारच्या नावाने पहिलीच्या मुलाला 'सावधान-विश्राम' शिकविणाऱ्यांनी आपण त्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, याचा एकदा तरी विचार करावा.

बंडखोर मुलाचे नाव घेऊन मुलांना गणवेशात कोंबण्याचा हा प्रयोग जगात पूर्वी होऊन गेलेला आहे. इटलीतील जिनोआ शहरात १७४६ साली ऑस्ट्रियाच्या सैनिकांवर एका पोराने दगड भिरकावला आणि शहर पेटून उठले, अशी कथा आहे. त्या पोराचे टोपणनाव 'बालिला'. मुसोलिनीच्या राजवटीने १९२६ मध्ये मुलांची जी फॅसिस्ट संघटना उभारली, तिला हेच नाव दिले. आठ ते चौदा वर्षांची मुले काळ्या सदऱ्यात, हाती लहान आकाराच्या बंदुका घेऊन, रांगेने संचलन करू लागली. परकीय सैनिकावर दगड उचलणारा उनाड पोरगा अशा रीतीने हुकूमशहाच्या सलामीला उभा केला गेला. १९३१ मध्ये या मुलांची कवायत पाहून जे भारतीय भारावले, त्यांत डॉ. बा. शि. मुंजे होते. त्यांनी मार्च महिन्यात रोममध्ये मुसोलिनीची भेट घेतली, आणि पुढे १९३७ मध्ये खानदेशाच्या शेजारी, नाशिकला, भोसला लष्करी शाळा उभी राहिली. शाळेच्या अंगणातून बराकीकडे जाणारी ही वाट महाराष्ट्राला नवी नाही, हे सांगण्यासाठी इतके पुरे. त्या वाटेच्या शेवटी काय होते, हेही इतिहासाने नोंदविलेले आहे. १९३१ मध्ये आठ ते चौदा वर्षांची असलेली इटलीची मुले १९४० मध्ये, देश युद्धात उतरला तेव्हा, सतरा ते तेवीस वर्षांची झाली होती. कवायत कशासाठी होती, हे त्यांना तेव्हा कळले.

इटली दूर वाटत असेल, तर धरणगाव जवळ आहे. जळगाव जिल्ह्यातील या गावी जेम्स औट्रम नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभी केली. सातपुड्यातील भिल्ल कंपनीला शरण येईनात, म्हणून त्यांच्यातीलच तरुणांना गणवेश, पगार आणि कवायत देऊन 'माणसाळविण्याचा' तो उद्योग होता. इंग्रजी ग्रंथांतून त्याचे कौतुक आजही वाचावयास मिळते. त्या कवायतीचा उपयोग काय झाला? १८३० मध्ये हीच पलटण डांगातील भिल्लांवर चालून गेली. राज्यकर्त्यांच्या हातची कवायत नेहमी अशीच असते : जे हात वर उठण्याची भीती असते, ते हात ती शरीराला चिकटवून सरळ ठेवावयास शिकविते. १८५८ मध्ये अंबापाणीला इंग्रजांशी लढलेल्या भिल्लांना आणि त्यांच्या खाज्या नाईकाला कोणी शाळेत संचलन शिकविले नव्हते.

येथे प्रतिपक्ष एक प्रश्न विचारील, आणि तो टाळण्याचे कारण नाही. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर कवायत नव्हती काय? गणवेश नव्हता काय? होता. १९४१ मध्ये एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवा दलाची बांधणी केली, तेव्हा संचलन हा शाखेचा भाग होता. परंतु शाखेवर मूल स्वेच्छेने येत होते आणि कंटाळा आला तर घरी जात होते. तेथे पटावर नाव नव्हते, गुण नव्हते, सरकारचा हुकूम नव्हता. शाखेवर मुलगे आणि मुली एकत्र खेळत, सवर्ण आणि दलित एकमेकांना शिवून बाद करीत. ज्या समाजात स्पर्श हेच पाप होते, त्या समाजात हुतुतूचे मैदान हे समतेचे पहिले पाऊल होते. सेवा दलाने माणसे घडविली ती मुख्यतः खेळातून, गाण्यातून आणि गप्पांतून. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजींनी मुले घडविली तीही हुकुमाने नव्हे. त्यांच्या खोल्या झाडून, त्यांचे कपडे धुऊन. ज्या खानदेशाने असा शिक्षक पाहिला, त्याला शिस्त म्हणजे काय हे शिकविण्यासाठी परेडचा सार्जंट बोलावावा लागू नये.

मग मुलांनी अंग हलवू नये काय? उलट, आमची मागणीच ती आहे. प्राथमिक शाळेतील मुलाला धावावयास, उड्या मारावयास, पडावयास आणि पुन्हा उठावयास रोज एक तास मिळाला पाहिजे. वाद आहे तो कवायत आणि सांघिक खेळ यांतील फरकाचा. हा फरक वरवरचा नाही. कवायतीत आज्ञा बाहेरून येते आणि शंभर मुलांनी एकच हालचाल एकाच क्षणी करावयाची असते. ज्याला वेगळे सुचेल तो चुकला. खो-खोत आठ गडी पाटीवर आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि पाठलाग करणारा नववा गडी क्षणात ठरवितो की खो कोणाला द्यावयाचा. त्याला स्वतःची दमछाक ओळखावी लागते, जोडीदाराची ताकद माहीत असावी लागते, आणि आपण उठलेली जागा दुसऱ्यासाठी सोडावी लागते. ही शिस्त नव्हे काय? लंगडीत, आट्यापाट्यांत, कबड्डीत नियम सर्वांना सारखे असतात. नियम कोणी मोडला तर त्याच्याशी भांडता येते, पंचाकडे दाद मागता येते. लोकशाहीचा पहिला धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नसतो, तो येथे असतो. शिवाय खेळात आजचा प्रतिस्पर्धी उद्या आपल्याच संघात येतो. कबड्डीत बाद झालेला गडी थोड्या वेळाने उठून पुन्हा मैदानात येतो. नंदुरबारचे पाच गडी उठले नाहीत. युद्ध आणि खेळ यांतील हा भेद ज्या मुलाला नीट कळला, त्यालाच हुतात्म्याचे स्मरण म्हणजे काय हे कळेल.

आता सरकारच्या देशप्रेमाची झडती घेऊ. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या अनुसूचीप्रमाणे प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान असले पाहिजे आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य मिळाले पाहिजे. परंतु शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाबद्दल तीच अनुसूची काय म्हणते? सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावेत. म्हणजे पहिली ते पाचवीच्या मुलाला खेळाचा शिक्षक मिळण्याचा कायदेशीर हक्कच नाही! साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, हे प्रमाण. या दोन शिक्षकांनी पाच वर्ग शिकवावयाचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवावयाचा, ऑनलाइन माहिती भरावयाची, निवडणुकीचे काम करावयाचे, आणि उरलेल्या वेळात मुलांना खेळवावयाचे. गेली अनेक वर्षे ज्या राज्यकर्त्यांना प्राथमिक शाळेला एक क्रीडाशिक्षक द्यावा असे वाटले नाही, त्यांना एकाएकी अडीच लाख माजी सैनिक आठवले. मुलांच्या आरोग्याची कळकळ असती, तर ती आधी मैदानात दिसली असती.

मैदानाची गोष्ट सोडा, शाळाच काढून घेण्याचा घाट घातला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी 'समूह शाळा' उभारण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळांची संख्या सुमारे पंधरा हजार सांगितली जात होती. या योजनेसाठी आदर्श म्हणून जी नावे पुढे करण्यात आली, त्यांत सातपुड्यातील तोरणमाळचे नाव होते. पाड्यावरची शाळा बंद झाली, की सहा वर्षांचे मूल डोंगर उतरून किती दूर जाणार, आणि मुलगी असेल तर तिला कोण पाठविणार, हे सातपुड्याच्या आईबापांना विचारावे. एका हाताने पाड्याची शाळा काढून घ्यावयाची आणि दुसऱ्या हाताने देशप्रेमाचा तास द्यावयाचा, ही कोणती देशभक्ती? ज्या मुलाच्या गावात राष्ट्राची एकमेव ओळख शाळा हीच आहे, त्याच्यापुढे झेंडा कोठे लावणार?

शाळा राहिली तरी मूल राहतेच असे नाही. दिवाळी झाली की धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवरून आणि चाळीसगावकडच्या तांड्यांवरून कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कोणी गुजरातेत जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. आईबापांच्या हाती कोयता असतो आणि पोरे फडावर धाकटी भावंडे सांभाळतात. प्राथमिक शाळांच्या केंद्र आणि तालुका पातळीवरील क्रीडास्पर्धा सामान्यतः हिवाळ्यात भरतात. म्हणजे संघ निवडला जातो तेव्हा गावातील सर्वांत चपळ पोर उसाच्या फडात असते. त्याचे नाव हजेरीपटावर असते, मैदानावर नसते. ज्यांना मुलांच्या स्मरणाची इतकी चाड आहे, त्यांनी या जिवंत मुलांचे स्मरण आधी करावे. हंगामी वसतिगृहे वेळेवर उघडावीत, म्हणजे मूल गावात राहील आणि संघातही राहील.

खेळाच्या मैदानावर युद्धाची सावली पाडण्याचे काम मोठी माणसेही करीत असतात आणि मुले ते पाहतात. १४ सप्टेंबर २०२५ रोजी दुबईत आशिया चषकाच्या सामन्यानंतर भारतीय खेळाडूंनी पाकिस्तानी खेळाडूंशी हस्तांदोलन केले नाही. पहलगामच्या मृतांविषयीचे दुःख खरे होते. ते कोणी नाकारीत नाही. परंतु मग सामनाच का खेळला? सामना खेळावयाचा, प्रक्षेपणाच्या हक्कांचा पैसा घ्यावयाचा, जाहिराती दाखवावयाच्या, आणि हात तेवढा द्यावयाचा नाही : हे शोकाचे नव्हे, धंद्याचे गणित झाले. हुतात्म्यांच्या नावावर चाललेला हा व्यापार घरातील पडद्यावर पाहून पाचवीतील मूल दुसऱ्या दिवशी मैदानावर येते. त्याला शिक्षक सांगतो, सामना संपला, आता एकमेकांचे हात हाती घ्या. मुलाने कोणाचे ऐकावे?

राहिला माजी सैनिकांचा मुद्दा. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. खानदेशातून सैन्यात जाणारी मुले बंगल्यांतून जात नाहीत. ती कोरडवाहू शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या घरातून जातात. आणि म्हणूनच आम्ही विचारतो : जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आणून याच घरांतील तरुणांना चार वर्षांच्या करारावर बंदूक देण्याचे कोणी ठरविले? चौघांपैकी तिघांना चार वर्षांनी घरी पाठविणारे आज कोणत्या तोंडाने सैनिकांचा गौरव करतात? माजी सैनिकाला सन्मानाने काम द्यावयाचे असेल, तर जिल्हा परिषदेत क्रीडाशिक्षकाची कायम पदे निर्माण करा. शारीरिक शिक्षणाची पदविका घेण्यासाठी त्याला वेतन द्या. मग तो शिक्षक म्हणून शाळेत येऊ दे. त्याने मुलांना बंदुकीची नव्हे, युद्धाची खरी हकिगत सांगावी. बर्फात गोठलेल्या बोटांविषयी, मित्राचे प्रेत उचलून आणण्याविषयी, सीमेपलीकडच्या सैनिकाच्या खिशात सापडलेल्या घरच्या पत्राविषयी जो सैनिक बोलतो, तो मुलांना कवायतीपेक्षा अधिक देशप्रेम शिकवितो. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी महाराष्ट्रातील गावोगावी दगडी पाट्या बसविल्या. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. आकडा आहे, नाव नाही. साम्राज्याला सैनिकाचे नाव लागत नव्हते, संख्या लागत होती. 'अडीच लाख माजी सैनिक' या भाषेत त्याच पाटीचा प्रतिध्वनी आहे.

अनुभवानेही शहाणपण यावे. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची करण्यात आली. अवघ्या पाच वर्षांत, १९६८ मध्ये, ती सक्ती मागे घ्यावी लागली. जे मिसरूड फुटलेल्या तरुणांच्या बाबतीत पेलले नाही, ते दुधाचे दात पडत असलेल्या मुलांच्या बाबतीत करावयाची ही कल्पना!

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिलीपासूनच्या लष्करी शिक्षणाचा विचार सरकारने कायमचा सोडावा. प्रत्येक शाळासमूह केंद्राला निदान एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक द्यावा आणि तो आठवड्यातून ठरलेल्या दिवशी प्रत्येक शाळेत पोचावा. ज्या शाळेला मैदान नाही, तिला गावठाणातील जागा द्यावी. जेथे मैदानावर कोणाचे अतिक्रमण आहे, तेथून ते हटवावे, मग तो कितीही मोठा पुढारी असो. खेळाचा तास गणिताला किंवा सरकारी माहितीला देऊ नये. प्राथमिक स्पर्धांत ढालीपेक्षा सहभागाला मान असावा; मुलामुलींचे मिश्र संघ असावेत आणि राखीव म्हणून बसलेल्या प्रत्येक मुलाला मैदानात उतरावयास मिळावे. आणि ९ सप्टेंबरला भाषणे आवरती घेऊन पाच हुतात्म्यांची नावे मुलांच्या तोंडून उच्चारली जावीत, त्यांनी कोणती आज्ञा मोडली आणि का मोडली हे त्यांना सांगितले जावे, आणि मग दिवसभर शाळेने खेळावे.

हे होणार नाही असे म्हणणाऱ्यांना एक आठवण करून देतो. पहिलीच्याच मुलांवर हिंदी लादणारे शासननिर्णय २९ जून २०२५ रोजी सरकारला मागे घ्यावे लागले, ते लोकांनी आवाज उठविला म्हणून. भाषेसाठी जो आवाज उठला, तो मैदानासाठी का उठू नये? शाळा व्यवस्थापन समित्यांत पालक आहेत, ग्रामसभा आहेत, शिक्षक संघटना आहेत. येत्या ग्रामसभेत, जळगावपासून शिरपूरपर्यंत, एकच ठराव मांडला जावा : आमच्या शाळेचे मैदान दाखवा, आमच्या मुलांचा क्रीडाशिक्षक दाखवा. तो ठराव मांडावयास कोणाच्या परवानगीची गरज नाही. नंदुरबारच्या मुलांनीही परवानगी मागितली नव्हती.